प्रोसिडिंगमध्ये तू गैरहजर

माय, तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन आता वीस वर्षं होत आली, तेव्हा हे लिहिणं दोन्ही बाजूंनी बिनकामाचं आहे, हे मला कळतं. पण गेल्या महिन्यात मी ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या ओट्यावर सुपात अंबाडी घेऊन बसले होते, तू बसायचीस त्याच जागी, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलल्यावाचून चैन पडेना. मी सरपंच आहे हे तुला सांगायचं राहिलंच. पाच वर्षं संपत आली. तू असतीस तर पहिल्याच दिवशी म्हणाली असतीस, "खुर्चीत बसली तं बस, पण पाय हालवत नको बसू."

बायकांसाठी जागा राखीव व्हायला लागल्या तेव्हा आपल्या पॅनलनं तुझं नाव टाकलं. बाई गरीब आहे, सांगू तिथे अंगठा देईल, असा त्यांचा हिशेब. तू दोनदा मेंबर झालीस. पहिल्या खेपेला मी सहावी-सातवीत. शाळा सुटली की पंचायतीसमोरूनच घरी यावं लागायचं, आणि सभेचा दिवस असला की तू पुष्कळदा बाहेर असायचीस. आत पुरुषांचे आवाज चढलेले आहेत, मधूनच कुणीतरी टेबलावर हात आपटतोय, आणि तू कडुनिंबाखाली मांडी घालून अंबाडी निवडते आहेस. पाला सुपात, देठ पदरात. एकदा माझी मैत्रीण म्हणाली, "तुही माय मेंबर हाये ना वं? मंग बाहीर काऊन बसून राह्यली?" मी म्हटलं, आत उकडते म्हणून. त्या दिवसानंतर सभा असली की मी मागच्या गल्लीनं घरी यायला लागले.

तुला विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "सोबत द्या लागते." कुणाला? "जो नाही येऊ शकला त्याले." आता मला ते नीट सांगता येतं. आपल्या गावात एक रीत होती. समोरच्या पॅनलच्या कुणाच्या घरी मयत झाली, बाळंतपण निघालं, कुणी दवाखान्यात पडलं, आणि त्याला सभेला येता आलं नाही, तर आपल्यातलं एकजण हात वर करायच्या वेळी बाहेर जाऊन बसायचं. म्हणजे कुणाच्या दुःखाच्या दिवशी कुणी जिंकू नये. त्यांच्याकडूनही तसंच. याला सगळे सोबत देणं म्हणायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं, ग्रामसेवकाला तर त्याचं नावही घ्यायला आवडत नसे. पण मला त्या वयात ते सगळं निमित्त वाटायचं. अंगठेबहाद्दर बाईला बाहेर काढायचं आणि त्याला गोड नाव द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. कारण बाहेर बसलेला पुरुष मी कधी पाहिला नव्हता. खरं म्हणजे पाहिला असेल. पुरुष पानाच्या टपरीवर उभा राहून सोबत द्यायचा, त्यामुळे तो बसवलेला वाटायचा नाही.

मग ती आठवीची सभा झाली. आपली शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग वाढवायचा तर खोलीला जागा हवी होती, आणि तीच जागा समोरच्या पॅनलला बाजाराच्या ओट्यांसाठी हवी होती. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. वर्ग आला तर मी गावात शिकणार, नाही आला तर चिखलीला मावशीकडे जाणार. आणि त्या दिवशी मी शाळेतून येते तर तू बाहेर. सूप मांडीवर. आतून कुणीतरी ओरडलं, झालं, मंजूर. ओटे मंजूर झाले होते, एका हातानं. मी तुझ्यासमोर उभी राहून भर रस्त्यात रडले आणि तुला म्हणाले, "तू काहून नाही गेली आत? घाबरते का त्याइले?" तू सूप उचललंस. "तुले नाही समजत ते. चाल घरी." बस. एवढंच. त्यानंतर जून महिन्यात मी पत्र्याची पेटी घेऊन काळीपिवळीत बसले, आणि तू जीपच्या मागे हात वर करून उभी राहिलीस, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मला अजून ती पाहायची टाळलेली तू दिसतेस.

चिखलीहून मी तुला पत्रं लिहायची. ती तुला वाचून कोण दाखवायचं, तर गल्लीतले किराणा दुकानवाले काका. म्हणजे समोरच्या पॅनलचे म्होरकेच! सभेत त्यांच्या नावानं आपले लोक बोटं मोडायचे आणि सभा नसली की तू त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून माझं पत्र ऐकायचीस. तू त्यांना भाऊजी म्हणायचीस. चिखलीला गेल्यावर पहिल्याच वर्षी मी एका पत्रात लिहिलं होतं, की तुला लोक बाहेर बसवतात आणि तू बसतेस, तुझी मला लाज वाटते. शब्द मला पक्के आठवतात. शाईचं पेन नवीन होतं. उत्तर आलं ते काकांच्या अक्षरात. विहीर आटली आहे, पाऊस नाही, तब्येतीला जप, दह्याची साय काढून ठेवते. माझ्या त्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं तुला ते लागलंच नाही. नंतर सुट्टीत आले तेव्हाही तू काही बोलली नाहीस, मीही नाही, आणि बोलायचं बोलायचं म्हणता तू गेलीस.

मी शिकले, लग्न गावातच झालं, आणि जागा राखीव निघाली तेव्हा आपल्याच पॅनलनं मला उभं केलं. या खेपेला मात्र हिशेब चुकला असं त्यांना लवकरच कळलं. मी ग्रामपंचायतीच्या कायद्याचं पुस्तक बुलढाण्याहून आणून त्यात रंगीत चिठ्ठ्या लावल्या. ग्रामसेवक मला बघून चष्मा पुसायला लागायचा. पहिल्याच महिन्यात मी जुनी प्रोसिडिंगची, म्हणजे सभांच्या नोंदींची, रजिस्टरं कपाटातून काढली, धूळ झटकली आणि तुझं नाव शोधलं. तुझ्या नावापुढे जागोजागी एकच शब्द. गैरहजर. आठवीच्या ठरावाच्या पानावरही गैरहजर. तू त्या ओट्यावर, दारापासून दहा पावलांवर बसलेली होतीस, आणि सरकारच्या लेखी तू आलीच नव्हतीस. मी तेव्हाच ठरवलं की माझ्या राज्यात एकही बाई बाहेर बसणार नाही.

मग अंगणवाडीचा ठराव आला. इमारत मंजूर झाली होती, प्रश्न जागेचा होता. आमच्या पॅनलला ती देवळामागच्या मोकळ्या जागेत हवी होती. समोरच्यांना नाल्यापलीकडच्या वस्तीत, कारण तिथली लेकरं पावसाळ्यात नाला ओलांडू शकत नाहीत. आम्ही नऊ मेंबर. पाच आमचे, चार त्यांचे, त्यात एक बाई त्याच वस्तीतली, पण आमच्यातल्याही एकाचं घर नाल्यापलीकडे, तो त्यांच्या बाजूनं होता. म्हणजे ते पाच आणि आम्ही चार. आम्ही हरणार होतो, आणि खरं सांगायचं तर हरायलाच हवं होतं. सभेच्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात आले. टोपी हातात. आता त्यांचं वय झालं होतं, पॅनल त्यांच्या पुतण्याकडे गेलं होतं, पण असल्या कामाला अजून तेच यायचे. म्हणाले, "बाई, नाल्यापलीकडची मेंबर नाही येत आज. तिची सासू पहाटेच गेली. सोबत पाहिजे."

मी म्हटलं, "काका, हे कोन्त्या कायद्यात लिहेल हाये?"

"लिहेल नाही. लिहेल असतं तं मी काऊन आलो असतो? चपराश्याच्या हाती चिठ्ठी धाडली असती."

मी त्यांना सभेत उत्तर देते म्हटलं. ते येऊन दाराशी उभे राहिले. मी विषय काढला, तसा आमच्यातला एक लगेच म्हणाला, "देऊन टाका सोबत, त्या पोरीले बसवा बाहीर," आणि त्यानं आमच्यातल्या वयानं सगळ्यात लहान मेंबरकडे, गावातल्या एका सुनेकडे, बोट दाखवलं. मला हवं ते आयतं मिळालं. मी उभी राहिले. म्हटलं, "माह्या मायले तुमी असंच बाहीर बसवत होते. ती जलमभर त्या ओट्यावर भाजी निवडत बसली. माह्या सभेत एकबी बाई बाहीर बसनार नाही. कायद्यात सोबत नाही, म्हणून इथंबी नाही." सभेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी घातली, म्हणाले, "बरं बाई," आणि मयतीला निघून गेले. चार विरुद्ध चार झाले, सरपंचाचं जादा मत माझं. अंगणवाडी देवळामागे मंजूर झाली. त्या दिवशी मला वाटलं मी तुझा हिशेब चुकता केला.

त्यानंतर जे सुरू झालं ते एकदम नाही झालं. पुढच्याच महिन्यात आमच्या मेंबरला टायफॉइड झाला, तेव्हा त्यांनी, आमचा तो नाल्यापलीकडचा मेंबर धरून, दहा मिनिटांत दोन ठराव पास करून घेतले. मला बोलायला जागाच नव्हती. मग आम्ही सभा धाड गावच्या बाजाराच्या दिवशी लावायला लागलो, कारण त्यांच्या बायका भाजी घेऊन बाजाराला जातात. नोटीस कायद्याप्रमाणे वेळेत, त्यात खोट नाही. मग ते अर्ध्यात उठून जायला लागले, संख्या भरेना, सभा तहकूब. मग अर्ज, मग चौकशी, मग बुलढाण्याच्या चकरा. यातलं प्रत्येक काम कायद्यात बसत होतं, माय. मी पुस्तकात बघून खात्री करून घ्यायची. पुस्तक मला सांगत होतं की मी काय काय करू शकते. जे करता येतं ते सगळं करायचं नसतं, हे तुम्ही लोकांनी आपसात ठरवून ठेवलं होतं, आणि त्याच्यावरच ते पुस्तक इतकी वर्षं उभं होतं. मी खालचा दगड काढला आणि वर पुस्तक घट्ट धरून बसले. आता गावात मयतीलाही लोक पॅनल बघून जातात.

पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या आया लेकरांना खांद्यावर घेऊन यायच्या. चार-आठ दिवस आल्या, मग नाही आल्या. नवीन भिंतीवर रंगीत फळं काढलेली आहेत, आणि त्या वस्तीतलं एकही लेकरू ती बघायला नसतं. ती नाल्यापलीकडची मेंबर माझ्याशी एकदाही भांडली नाही. सभेला यायची, बसायची, सही करायची. एकदाच म्हणाली, तेही चहा घेताना, सहज, "ताई, सासूच्या दहाव्याले तुमी आल्या नाही." मी गेले नव्हते. कोणत्या तोंडानं जाणार होते?

या वर्षी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांना भेटायला गेले. दुपारची वेळ, ते ओसरीत खाटेवर होते. हिरवी पट्टी काढलेली, डोळे पाणावलेले. बोलता बोलता मीच अंगणवाडीचा विषय काढला, आणि सवयीनं म्हटलं, माझ्या मायला बाहेर बसवत होते ते मला सहन झालं नाही. काका म्हणाले, "तिले कोनी बसवलं?"

"तुमीच सगळ्यायनं."

"नाही बाई. तुमचे पॅनलवाले सोबत द्याले नेहमी कुरकुर करत. तुही मायच उठे. म्हणे, मी जातो, तुमी बसा. सूप ते घरून घेऊनच ये." मग म्हणाले, "तुह्या आठवीच्या ठरावाच्या दिवशी माही बायको जाऊन तिसरा दिवस होता. मी सुतकात. तुमचे लोक म्हणत होते, आज नको, आज जिकतो आपन. तुही माय उठली अन् माह्यासाठी बाहीर जाऊन बसली. तिले मालूम होतं तू चिखलीले जाशीन म्हणून."

मी विचारलं, हे त्या दिवशी दारात का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "मागाले आलो होतो. ते सांगतलं असतं तं मागणं नसतं राह्यलं. वसुली झाली असती."

निघताना मी कसंबसं त्या पत्राचं विचारलं. चिखलीहून आलेल्या. त्यांना लगेच आठवलं. म्हणाले, "तेवढी ओळ म्या वाचली नाही. सोडून दिली." मला वाटलं सुटले. पण काका पुढे म्हणाले, "तुही माय हुशार. म्हणे, भाऊजी, मधात काऊन थांबले? म्या म्हणलं, अक्षर गिचमिड हाये. तं म्हणे, माह्या पोरीचं अक्षर तं लय साजरं हाये म्हणते मास्तर." मग तू पत्र घडी करून कनवटीला लावलंस आणि उठून गेलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. माय, म्हणजे तुला कळलं होतं की तिथं काहीतरी आहे. काय आहे ते तू कुणाकडूनही वाचून घेऊ शकली असतीस. घेतलंस का? मला हे विचारायला आता कुणी उरलं नाही, आणि याच्याइतकं दुःख मला तू गेलीस तेव्हाही झालं नव्हतं.

म्हणून गेल्या महिन्यात मी बाहेर बसले. नाल्यावर फरशी, म्हणजे ओलांडायला बुटका पूल, टाकायची की आमच्या गल्लीत ब्लॉक बसवायचे, असा ठराव होता, आणि नाल्यापलीकडच्या मेंबरची लेक बुलढाण्याला दवाखान्यात बाळंत होत होती. मी उपसरपंचाला म्हटलं, तुम्ही सभा चालवा, मी सोबत देते. घरून सूप आणलंच होतं. ओट्यावर बसले, अंबाडी पुढ्यात घेतली. माझ्या मतावाचून ती फरशी मंजूर होणार होती, मला एवढं तरी दुरुस्त करायचं होतं. पण आत काय झालं, तर समोरचे घाबरले. काकांचा पुतण्या म्हणाला, "ताईचा कायतरी डाव हाये, आज हात वर करू नका." अर्धा तास कुजबुज झाली आणि त्यांनीच सभा तहकूब करून घेतली. फरशी तशीच राहिली. माझ्यासमोरून जाताना एका तरुण मेंबरनं माझा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर होता, सरपंच ताईंचा सभात्याग. सोबत हा शब्द त्याला माहीतच नव्हता. तो तरी काय करणार? तो मेंबर झाला तो मी शिकवलेल्या पंचायतीत. ग्रामसेवकानं रजिस्टर आणून विचारलं, ताई, कारण काय लिहू? मी म्हटलं, काही नका लिहू. आता तुझ्यासारखीच मीही तिथं गैरहजर आहे.

इथपर्यंतचं सगळं मी काकांनाही सांगितलं आहे. एक गोष्ट सांगितलेली नाही. अंगणवाडीच्या दिवशी त्या लहान सुनेकडे बोट दाखवलं गेलं तेव्हा आमच्यात दोन पुरुष होते. त्यातला एक बाहेर बसला असता तर कुणाचाच अपमान नव्हता. मी स्वतःही बसू शकले असते. लोकांना मी सांगते की त्या रागात मला ते सुचलंच नाही. सुचलं होतं, माय. पहिल्यांदा तेच सुचलं होतं. पण मग आम्ही हरलो असतो, आणि मला जिंकायचं होतं, म्हणून मी तुला ओट्यावरून उचललं आणि सगळ्यांसमोर पुढे केलं.

हा कागद वाचून दाखवायला मी काकांकडे नेणार नाही. ते ही ओळ सोडून देतील.